‘सर्व्हर कनेक्ट होत नाही’ : आधी एरर नीट वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, ऑफिसात एक सर्व्हर, त्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आणि स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर, नऊ कॉम्प्युटर. वळवाच्या पावसात राऊटर जळाला, नवा बसवला आणि तेव्हापासून गोंधळ सुरू झाला. ऑफिसातले तीन कॉम्प्युटर व्यवस्थित चालतात. डिस्पॅचचे दोन अजिबात लागत नाहीत, त्यांवर १००६१ नंबरची एरर येते. शेडमधले चार सकाळी चालतात आणि दुपारनंतर मध्येच तुटतात, तेव्हा ‘सेमाफोर टाइमआउट’ असं काहीतरी येतं. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या दुसऱ्या प्लांटमधून पूर्वी लागायचं, ते आता लागतच नाही, १००६० येतं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात नेटवर्क बघा, नेटवर्कवाला म्हणतो पिंग होतंय (हाक मारली की पलीकडचं यंत्र ओ देतंय), सॉफ्टवेअर बघा. तुम्ही रोज सकाळी सर्व्हर रीस्टार्ट करता, थोडा वेळ बरं चालतं. आता फायरवॉल बंद करून बघू का, असं विचारलंय.

फायरवॉल बंद करू नका. रोजचं रीस्टार्टही थांबवा. तुमच्याच वर्णनात उत्तर बरंचसं आलेलं आहे, फक्त ते ‘कनेक्ट होत नाही’ या एका वाक्याखाली दबलंय. तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन आहेत. तिघांची कारणं वेगळी आहेत. एकच उपाय करून तिन्ही जाणार नाहीत, म्हणूनच इतके दिवस कुणाचंच म्हणणं पूर्ण खरंही ठरलं नाही आणि पूर्ण खोटंही नाही.

सुरुवात चालणाऱ्या तीन मशीनपासून करा. लोक बंद पडलेल्या मशीनपाशी तास घालवतात आणि चालणाऱ्याकडे बघतही नाहीत. तीन कॉम्प्युटर दिवसभर विनातक्रार चालतात याचा अर्थ सर्व्हर सुरू आहे, एसक्यूएलची सर्व्हिस सुरू आहे, पोर्ट (सॉफ्टवेअरसाठीचं नंबर दिलेलं दार) उघडा आहे आणि विंडोजची फायरवॉल निदान ऑफिसच्या नेटवर्कला अडवत नाही. एवढ्या गोष्टी एका झटक्यात संशयितांच्या यादीतून गेल्या. मग सर्व्हर रीस्टार्ट करून काय साधणार? दोष सर्व्हरपर्यंत येणाऱ्या वाटेत आहे, किंवा वाट चुकीच्या दारात संपते आहे.

आता १००६१ आणि १००६० यांतला फरक. सगळ्या तपासाचा कणा तोच आहे. तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला जोडू पाहतो तेव्हा पहिलं पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) जातं, ‘जोडायचं आहे’ एवढंच सांगणारं. त्याला दोनच प्रकारची उत्तरं येऊ शकतात : एकतर ‘या’, नाहीतर ‘इथे कुणी ऐकत नाही’. उत्तरच आलं नाही तर ती तिसरी शक्यता. ‘इथे कुणी ऐकत नाही’ हे स्पष्ट उत्तर आलं की विंडोज १००६१ दाखवतं, म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड. काहीच उत्तर आलं नाही, दोन-तीनदा विचारूनही शांतता, की १००६०, म्हणजे टाइमआउट. बंद पोर्टवर आलेल्या मागणीला नकार पाठवायचा हा नियम १९८१ सालच्या टीसीपीच्या (कनेक्शन जोडण्याच्या नियमांच्या) मूळ दस्तऐवजात लिहिलेला आहे आणि आजही तसाच पाळला जातो. नंबर दिसत नसेल तर घड्याळ बघा. नकार एक-दोन सेकंदांत येतो. टाइमआउटला पंधरा-वीस सेकंद गोल फिरत राहतं. नुसतं फोनवरून ‘एरर लगेच येते की थांबून येते’ एवढं विचारलं तरी मला अर्धा तपास झाल्यासारखा वाटतो.

नकार आला म्हणजे पलीकडे एक जिवंत यंत्र आहे, केबल ठीक आहे, वाट ठीक आहे. आता डिस्पॅचच्या दोन मशीनकडे या. त्यांना नकार मिळतोय, पण सर्व्हर तर तीन जणांना ‘या’ म्हणतोय. मग या दोघांना ‘नाही’ कोण म्हणतंय? माझा दाट संशय असा की ते सर्व्हरशी बोलतच नाहीत. जुना राऊटर गेला तेव्हा कुणाला कोणता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला याची त्याच्याकडची नोंदही गेली. नव्याने सगळ्यांना नवे आयपी वाटले. सर्व्हर आधी समजा १९२.१६८.१.१० वर होता, तो आता १९२.१६८.१.६ वर असेल, आणि १० नंबर दुसऱ्याच कुणाला गेला असेल. प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं थंब मशीन, कुणीही. त्या यंत्रावर १४३३ या एसक्यूएलच्या पोर्टवर ऐकणारं काही नाही, म्हणून ते प्रामाणिकपणे नकार देतं. तुमच्या नेटवर्कवाल्याचं ‘पिंग होतंय’ हेही खरं आहे. पिंगला उत्तर थंब मशीन देतंय.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. आधी सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या आणि आजचा आयपी कागदावर लिहा. मग डिस्पॅचच्या मशीनवर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जागी काय लिहिलंय ते बघा. सेटिंग कधी सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये असतं, कधी कंट्रोल पॅनेलमधल्या ओडीबीसीमध्ये (डेटाबेसची जोडणी लिहून ठेवायची जागा). तिथे जुना आयपी दिसला तर चोर सापडला. ऑफिसातल्या तीन मशीनवर तिथे बहुधा आयपीऐवजी सर्व्हरचं नाव असेल. नाव असलं की विंडोज दर वेळी नेटवर्कवर हाक मारून आजचा पत्ता शोधतं, म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

खात्री करायची असेल तर डिस्पॅचच्या मशीनवर त्या जुन्या आयपीला पिंग करा आणि लगेच एआरपी -ए ही कमांड द्या. त्या आयपीसमोर बारा आकडी-अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, दिसेल. सर्व्हरवर आयपीकॉन्फिग /ऑल देऊन त्याचा मॅक बघा. दोन्ही जुळले नाहीत तर विषय संपला. पहिल्या सहा खुणांवरून यंत्र कोणत्या कंपनीचं आहे तेही इंटरनेटवर कळतं. आणखी एक सोपी युक्ती : बरीच थंब मशीन ४३७० पोर्टवर ऐकतात. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड तो आयपी आणि पोर्ट ४३७० देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’पुढे ट्रू आलं तर तुमचा डिस्पॅच इतके दिवस हजेरीच्या मशीनकडे स्टॉक मागत होता.

हीच टेस्ट-नेटकनेक्शन कमांड खऱ्या सर्व्हरचा आयपी आणि १४३३ देऊन प्रत्येक मशीनवरून चालवायची सवय लावा. पिंग फक्त यंत्र जागं आहे का हे सांगतं, तेही नेहमी नाही. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि पोर्ट उघडा ठेवते, किंवा उलटही होतं. त्यामुळे पिंग लागलं म्हणजे नेटवर्क ठीक आणि पिंग लागलं नाही म्हणजे सर्व्हर बंद, ही दोन्ही अनुमानं चुकीची आहेत. पोर्टची चाचणी मात्र सॉफ्टवेअर ज्या वाटेने जातं त्याच वाटेने जाते.

दुरुस्ती करताना नुसता नवा आयपी टाकून मोकळे होऊ नका, पुढच्या वळवाला पुन्हा हेच होईल. पुस्तकी सल्ला असा असतो की राऊटरमध्ये सर्व्हरच्या मॅकसाठी आयपी राखून ठेवा. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत विजा पडून राऊटर जातात, आणि राऊटर गेला की राखीव नोंदही त्याच्याबरोबर जाते. म्हणून मी कारखान्यांत सर्व्हरवरच हाताने पक्का आयपी घालतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आणि राऊटरला सांगतो की तू १०० च्या पुढचेच आयपी वाट. म्हणजे टक्कर होत नाही. थंब मशीन आणि प्रिंटरलाही असेच पक्के आयपी द्या. मग सगळा तक्ता एका कागदावर लिहून सर्व्हरच्या टेबलापाशी चिकटवा : राऊटरचा स्वतःचा आयपी, वाटपाची हद्द, सर्व्हर, प्रिंटर, थंब. पुढचा राऊटर बसवणारा माणूस कुणीही असो, त्याच्या हातात तो कागद द्या. आणि एक बघा, जुना राऊटर अर्धवट जिवंत आहे म्हणून कुणी वाय-फायसाठी तसाच जोडून ठेवला नाही ना? एका नेटवर्कवर दोघे आयपी वाटायला बसले की आज चालणारं मशीन उद्या बंद पडतं आणि कारण सापडत नाही. आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ची (आयपी कुणी वाटला हे सांगणारी) ओळ सगळ्या मशीनवर एकच यायला हवी.

आता शेड. माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथे आहे आणि राऊटरशी त्याचा संबंध बहुधा नाही.

‘सेमाफोर टाइमआउट’ ही विंडोजची १२१ नंबरची एरर. कनेक्शन लागलं होतं, काम चालू होतं, आणि मध्येच खालून पाकिटं पोचायची थांबली, असा तिचा अर्थ. कधी तिच्या जागी १००५४ येतं, म्हणजे लागलेलं कनेक्शन मोडलं. आयपी चुकला असता तर सकाळीही लागलं नसतं. सकाळी लागतं आणि दुपारनंतर तुटतं, म्हणजे दुपारनंतर काहीतरी बदलतं. फाउंड्रीत दुपारनंतर काय बदलतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमची इंडक्शन भट्टी कधी लागते? तुटण्याच्या वेळा आणि भट्टीच्या हीटच्या (धातू वितळवण्याच्या फेरीच्या) वेळा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. त्या जुळल्या तर रोज सकाळच्या रीस्टार्टने ‘बरं’ का वाटायचं तेही कळेल : तेव्हा भट्टी बंद असते.

इथे दोन वेगळी कारणं संभवतात आणि त्यांना वेगळं करायची खूण सोपी आहे. चारही मशीन एकाच क्षणी तुटतात की एक आत्ता, दुसरं दहा मिनिटांनी? एकाच क्षणी तुटत असतील तर शेडमधला स्विच (अनेक कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा डबा) किंवा ऑफिसपासून शेडपर्यंतची मुख्य केबल बघा. शेडमधला छोटा स्विच पुष्कळदा कुठल्यातरी बोर्डावर थेट लाईटवर लावलेला असतो. भट्टी किंवा मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, कॉम्प्युटर यूपीएसवर असल्याने त्यांना पत्ता लागत नाही, पण स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात सॉफ्टवेअरचं कनेक्शन गेलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा. बरीच नेटवर्क कार्डं तिथे ‘नेटवर्क लिंक तुटली’ अशी नोंद वेळेसकट करतात. चारही मशीनवर एकच मिनिट दिसलं तर स्विच यूपीएसवर घ्या. खर्च जवळपास शून्य.

लिंक तुटल्याची नोंद नसेल आणि तरी कनेक्शन जात असेल, तर पाकिटं वाटेत खराब होताहेत. केबल कुठून नेली आहे ते स्वतः चालत जाऊन बघा, कुणाला विचारू नका. तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर आहे, आणि शेडची केबल भिंतीवरून, ट्रसवरून, वळसा घालून जाते तेव्हा ही हद्द कधी ओलांडली हे लक्षात येत नाही. दुसरं, ती भट्टीच्या किंवा पॅनेलच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेली आहे का? नवा राऊटर बसवताना कुणी ती ‘नीट’ करायला म्हणून तिकडे सरकवली का? इंडक्शन भट्टीच्या केबलशेजारून लांबवर समांतर धावणारी साधी केबल हीट सुरू असताना त्रास देते.

मोजायचं कसं? शेडच्या मशीनवर नेटस्टॅट -ई द्या, त्यात ‘एरर्स’ आणि ‘डिस्कार्ड्स’ अशा दोन ओळी दिसतील. नेटस्टॅट -एस दिल्यावर टीसीपीच्या भागात पुन्हा पाठवाव्या लागलेल्या सेगमेंटचा आकडा दिसतो. भट्टी लागायच्या आधी आकडे लिहा, हीट चालू असताना पुन्हा लिहा. आणि सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवा, पण मोठ्या पाकिटाचं, पिंग -टी -एल १४०० असं. साधं ३२ बाइटचं पिंग खराब केबलमधूनही निसटून जातं, मोठं पाकीट अडकतं. नेटवर्क कार्डाचं स्टेटसही बघा : स्पीड एक गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दाखवत असेल आणि स्विच गिगाबिटचा असेल, तर आठ तारांपैकी एखादी तुटलीय किंवा केबलच्या टोकाचा आरजे-४५ प्लग नीट क्रिम्प झालेला नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, म्हणून जखमी केबल बंद न पडता हळू चालते.

तात्पुरती सिद्धता हवी असेल तर शेडमधला एक कॉम्प्युटर उचलून ऑफिसच्या स्विचला लावा आणि एक पूर्ण पाळी त्यावर शेडचंच काम करू द्या. तो तुटला नाही, बाकीचे तीन तुटले, तर सॉफ्टवेअर कंपनीशी वाद संपला.

पक्का उपाय म्हणजे ऑफिस ते शेड फायबर टाका. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलचा सिग्नल प्रकाशात बदलणारा डबा), तेही यूपीएसवर. काचेच्या तारेला भट्टीचा उपद्रव होत नाही, १०० मीटरची अट नाही, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी तो नेटवर्कमधून फिरत नाही. वीज पडली तर उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल तो धक्का सरळ स्विचमध्ये आणते, हाही मार्ग बंद होतो. धातूची आर्मर असलेली फायबर घेतलीत तर आर्मरचं अर्थिंग मात्र नीट करून घ्या. तुमचा राऊटर कोणत्या वाटेने जळाला याचा विचार करताना ही शेडची केबलही विचारात घ्या.

कागलचं कारण वेगळं. तिथे १००६० येतंय, शांतता. शिरोलीच्या जुन्या राऊटरवर कुणीतरी पोर्ट फॉरवर्डिंग करून बाहेरून आलेली १४३३ ची मागणी सर्व्हरकडे वळवली असणार. नव्या राऊटरला ते माहीत नाही, तो अशी मागणी मुकाट्याने टाकून देतो. पण तेच फॉरवर्डिंग पुन्हा करून द्या असं मी सांगणार नाही. एसक्यूएलचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला की जगभरातून पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम त्यावर अखंड येत राहतात. तुमच्या एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये १८४५६ नंबरच्या, म्हणजे लॉगिन फसल्याच्या नोंदींची रांग दिसली तर त्या कागलच्या लोकांच्या नाहीत. ज्या सर्व्हरवर कारखान्याचा सगळा हिशेब आहे, त्याच्यासाठी हा धोका घेऊ नका.

व्हीपीएन (दोन प्लांटमधली इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी वाट) करा. त्याआधी एक गोष्ट तपासा : राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात आहे का? असेल तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एका आयपीमागे बसवलंय आणि बाहेरून तुमच्यापर्यंत थेट येण्याची वाटच नाही, मग फॉरवर्डिंग कितीही करा. कंपनीकडून स्थिर आयपी मागून घ्या. व्हीपीएन लागल्यावर लॉगिन होतं पण मोठा रिपोर्ट उघडताना अडकतं, असं झालं तर पाकिटाचा आकार बघा. पिंग -एफ -एल १४७२ पलीकडे जात नसेल आणि १४०० किंवा १३५० जात असेल, तर व्हीपीएनमधला एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) त्या मानाने कमी करून घ्या. आणि तुमचं सॉफ्टवेअर एका स्क्रीनसाठी शेकडो वेळा डेटाबेसला विचारणारं असेल, तर व्हीपीएनवरून ते रांगत चालेल. तशा वेळी व्हीपीएनच्या आत रिमोट डेस्कटॉप देऊन कागलच्या लोकांना शिरोलीतल्याच मशीनवर काम करू देणं जास्त सुखाचं.

फायरवॉलबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून थोडं. राऊटर बदलला की विंडोजला हे नवं नेटवर्क वाटतं आणि ते त्याला ‘पब्लिक’ ठरवू शकतं. मग ‘प्रायव्हेट’साठी केलेले नियम लागू होत नाहीत आणि सगळ्याच मशीनवर १००६० येतं. तुमच्याकडे तीन चालतात म्हणजे आत्ता तसं नाही. पुढे कधी झालं तर नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा आणि इनबाउंड नियमात टीसीपी १४३३ फक्त लोकल सबनेटसाठी, म्हणजे आपल्याच नेटवर्कसाठी, उघडा. सबंध फायरवॉल पाडायची गरज पडत नाही.

एसक्यूएल एक्स्प्रेसबद्दल एक इशारा. ते मुळात बसवलं जातं तेव्हा टीसीपी/आयपी बंद असतं आणि चालू केलं तरी पोर्ट बदलता असतो, सर्व्हिस पुन्हा सुरू झाल्यावर तो वेगळा असू शकतो. तुमच्याकडे १४३३ पक्का केलेला दिसतोय, पण खात्री करा : कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ‘आयपी ऑल’खाली टीसीपी पोर्टसमोर १४३३ आणि ‘डायनॅमिक पोर्ट्स’ची चौकट पूर्ण रिकामी, शून्यसुद्धा नाही. नेटस्टॅट -एएनओ दिल्यावर ०.०.०.०:१४३३ समोर ‘लिसनिंग’ दिसायला हवं. १२७.०.०.१ दिसलं तर तो फक्त स्वतःशीच बोलतोय.

दोन्ही वेंडरना उद्या फोन करायच्या आधी एक साधा तक्ता करा. प्रत्येक कॉम्प्युटरसाठी एक ओळ : त्याचा आयपी, सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव आहे की आयपी, एररचा पूर्ण मजकूर नंबरसकट, एरर लगेच येते की थांबून, किती वाजता, तेव्हा भट्टी चालू होती का, आणि १४३३ च्या चाचणीचा निकाल. ‘सेमाफोर टाइमआउट असं काहीतरी’ नको, स्क्रीनचा फोटो काढा. मला पाठवाल तेव्हा सर्व्हरचा आणि डिस्पॅचच्या एका मशीनचा आयपीकॉन्फिग /ऑलही सोबत द्या, आणि शेडच्या केबलची वाट कागदावर काढून तिचा फोटो. केबल किती मीटर आहे हे अंदाजाने लिहू नका, टेप लावून मोजा.